गुडघ्याच्या वर संपलेला 'होल बॉडी'

ठाण्यातल्या एका मोठ्या डायग्नोस्टिक सेंटरने कोपरीच्या एका मुलीला फसवलं. तिला 'होल बॉडी एमआरआय' सांगितला, पैसे अख्ख्या अंगाचे घेतले, स्कॅन गुडघ्याच्या वर थांबवला आणि रिपोर्टवर लिहिलं, 'होल बॉडी स्टडी नॉर्मल'. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे मी दोन-तीनदा चिडणार आहे आणि त्या भरात मुद्दा हरवायला नको.

मला हे कळलं ते आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. जोगळेकरांमुळे. त्यांनी रिपोर्टिंग रूममधून हाक मारली.

"घाडगे, जरा आत या. या मुलीचे पाय सापडत नाहीयेत."

"कुठल्या मुलीचे?"

"आत्ता आपल्या टेबलवरून उठली, तिचे."

"मॅडम, ती त्याच पायांनी चालत कपडे बदलायला गेलीय."

"आपल्याकडच्या स्कॅनमध्ये आहेत हो. मी गेल्या वर्षीची सीडी बघतेय. ठाण्याची. तिच्यात मुलगी मांडीपाशीच संपते."

मी खुर्ची ओढून बसलो.

थोडं माझ्याबद्दल. मी डॉक्टर नाही. विठ्ठलवाडीला वाढलो, कल्याणच्या एका एक्स-रे क्लिनिकमध्ये डार्करूममध्ये फिल्म धुवायला लागलो, मग टेक्निशियनचा कोर्स केला, आणि आता डोंबिवली पूर्वेला माझं स्वतःचं एमआरआय सेंटर आहे. मशीन सेकंडहँड. ते घेताना मी विकणाऱ्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "साहेब, मशीनबरोबर मलाही ठेवून घ्या, आता ऑफिसला कुठल्या तोंडाने जाऊ?" घासाघीस मी सगळ्यांशी करतो. फक्त स्कॅनला लागणाऱ्या वेळेवर करत नाही. त्यावरूनच ही मुलगी गेल्या वर्षी माझ्या हातून गेली होती.

मुलीचं नाव पूर्वा म्हणू. वय चोविसच्या आसपास, ठाण्यात झुंबा शिकवते. आई सुनंदाताई, कोळीण, कोपरीच्या मार्केटात त्यांचा मासळीचा ओटा आहे. दोघींना विचारून लिहितोय, नावं बदलली आहेत. पूर्वाचे वडील तरुणपणीच हाडाच्या कॅन्सरने गेले. आत्या ब्रेस्ट कॅन्सरने गेली. आत्याचा मुलगा तर शाळेत असतानाच गेला, तोही कॅन्सरने. शेवटी एका शहाण्या डॉक्टरने पूर्वाची जनुकीय तपासणी करून घेतली आणि त्यात दोष सापडला.

आपल्या पेशींमध्ये टीपी फिफ्टी थ्री नावाचं एक जनुक असतं. सोसायटीच्या वॉचमनसारखं. पेशी बिघडली, वाटेल तशी वाढायला लागली की हा तिला गेटवर अडवतो. प्रत्येकाला असे दोन वॉचमन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. पूर्वाचा बापाकडून आलेला जन्मापासून झोपलेला. अशा माणसाला गाठ शरीरात कुठेही होऊ शकते. मेंदूत, हाडात, स्नायूत, कुठेही. म्हणून दर वर्षी डोक्यापासून तळव्यापर्यंत अख्खं शरीर बघत राहायचं. आणि बघायचं ते एमआरआयने. सीटी आणि पेट स्कॅनमध्ये रेडिएशन असतं, आणि वॉचमन झोपलेल्या सोसायटीत आपण होऊन काडेपेटी घेऊन जायचं नसतं. एमआरआयमध्ये नुसतं लोहचुंबक असतं.

सुनंदाताई या आजाराला 'फिफ्टी थ्री' म्हणतात, एखाद्या बसचा नंबर सांगावा तसं. "फिफ्टी थ्री तिच्या बापाच्या बाजूनं आलाय हां शेट. आमच्या माहेरी असलं काय नाय." हे त्यांनी मला न विचारता पहिल्याच भेटीत सांगितलं.

त्या पहिल्या भेटीत म्हणजे गेल्या वर्षी त्या चौकशीला आल्या होत्या. मी म्हटलं, दीड तास लागेल.

"पाऊण तासात करा."

"ताई, दीड."

"एक तास. तुमचं पण नको, माझं पण नको."

"ताई, हा पापलेटचा वाटा नाही. दीड म्हणजे दीड."

"ठाण्याला पाऊण तासात करतात. वर कॉफी देतात."

"मग जा, कॉफी प्या!"

त्या गेल्या. मला आठवडाभर चीड येत होती. पाऊण तासात अख्खं शरीर होतं कसं, हे मला तेव्हा कळेना. मला वाटलं, त्यांचं मशीन नवीन असेल. ते असेलही, पण वेळ तिथे वाचत नव्हता.

या वर्षी ठाण्याचं मशीन बंद पडलं आणि त्यांनी अपॉइंटमेंट पुढे ढकलली. सुनंदाताई पुन्हा माझ्या दारात. "त्यांच्या मशीनला पण फिफ्टी थ्री झालाय. दीड तर दीड, घ्या पोरीला."

होल बॉडी एमआरआय एका झटक्यात होत नाही. पेशंटच्या अंगावर कॉइल पांघरतात. कॉइल म्हणजे अँटेना, दिसायला जाड गोधडीसारखी. मग टेबल थोडं थोडं आत सरकतं आणि एकेका भागाची चित्रं घेतली जातात. डोकं, छाती, पोट, कंबर, मांड्या. शेवटी कॉम्प्युटर ते तुकडे शिवून एक अख्खा माणूस तयार करतो. अडचण येते ती पोटऱ्यांपाशी. पूर्वासारख्या उंच माणसाचे गुडघे आले की आमचं टेबल संपतं. मग पेशंटला बाहेर काढायचं, उठवायचं, उलटं झोपवायचं, कॉइल पुन्हा लावायच्या आणि पाय आधी आत घालायचे. आम्ही याला 'पेशंट फिरवणं' म्हणतो. कंटाळवाणं काम आहे. बराच वेळ त्यातच जातो.

पूर्वाला फिरवलं, पाय आत घातले, आणि चित्रं आली ती हललेली. पुन्हा घेतली. पुन्हा हललेली. मी माइकवरून विचारलं, "पूर्वा, थंडी वाजतेय का?"

"नाही सर. मशीनचा बीट एकदम भारी आहे. मी मनात स्टेप बसवत होते."

"मनात बसवतेयस, मग अंगठा कशाला हलतोय?"

"सॉरी सर, तो आपोआप हलतो."

बाहेरून सुनंदाताईंनी दारावर थाप मारली. "पूर्वे, नाचायचं नाय आत! दीड तास म्हणालाय शेट, त्याच्या वर एक मिनिट मी थांबणार नाय!"

तिसऱ्यांदा पाय स्थिर राहिले. आणि त्या चित्रात डाव्या पोटरीत, स्नायूच्या आत खोलवर, एक पांढरा ठिपका होता. सुपारीएवढा.

जोगळेकर मॅडमनी तेवढ्या भागाची बारीक चित्रं लगेच घ्यायला लावली. मग मला समजावून सांगितलं. "ही साधी रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. नाचताना कधी स्नायूला मार बसला असेल, त्याचं साकळलेलं रक्त असू शकतं. आणि नको ते पण असू शकतं. गेल्या वर्षी एवढंच होतं असं दिसलं, तर घाईचं कारण नाही, लक्ष ठेवता येईल. गेल्या वर्षी नव्हतं आणि या वर्षी आलं, तर लगेच सुई घालून तुकडा तपासावा लागेल. सगळं जुन्या चित्रावर आहे, घाडगे."

आणि जुन्या चित्रात पायच नव्हते.

मॅडमनी माय-लेकींना आत बोलावून सगळं सरळ सांगितलं. पूर्वा स्वतःच्या पोटरीकडे बघत राहिली. सुनंदाताई म्हणाल्या, "पण गेल्या साली तर नॉर्मल होतं."

"गेल्या वर्षी पाय बघितलेच नव्हते, ताई."

सुनंदाताईंनी जुन्या रिपोर्टवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग नॉर्मल कोणाचं होतं?"



मी ठाण्याला फोन लावला. होल्डवर सतार वाजली. एक बाई आली, तिने दुसऱ्या बाईकडे दिलं, पुन्हा सतार. मी फोन ठेवला आणि म्हटलं, उद्या आपण तिघं तिथे जायचं. कारण एक शक्यता उरली होती. मुख्य स्कॅनच्या आधी आम्ही एक झटपट, कच्चं चित्र घेतो. त्याला लोकलायझर म्हणतात. मैदानावर खेळाच्या आधी फक्की मारतात तसं, कुठून कुठपर्यंत जायचं ते ठरवायला. ते जरा मोठंच घेतलं जातं, बऱ्याचदा गरजेपेक्षा पुढे जातं. पेशंटच्या सीडीत ते घालत नाहीत, पण सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. त्या कच्च्या चित्रात पोटरी आली असेल, तर सुपारी होती की नव्हती एवढं तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताई थेट मार्केटातून आल्या. काखेत थर्माकोलचा बॉक्स.

"हे काय?"

"माल हाय. घरी ठेवायला जाऊ का पोरीचे पाय बघू?"

ठाण्याचं ते सेंटर म्हणजे काचेचं दार, सोफे, कॉफीचं मशीन आणि एसी असा की माणूस शाल मागेल. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, अपॉइंटमेंट?"

"नाही. हिचे पाय तुमच्याकडे राहिलेत. बघायला आलोय."

पाच मिनिटांनी मॅनेजर आला. निखिल. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर हसू. ते हसू मी ओळखतो. मशीन विकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सही होईपर्यंत असतं.

"सर, आमचा होल बॉडी प्रोटोकॉल व्हर्टेक्स टू मिड-थाय आहे. इंटरनॅशनल स्टँडर्ड."

"म्हणजे टाळूपासून अर्ध्या मांडीपर्यंत. तो पेट स्कॅनचा स्टँडर्ड आहे, बाबा. तिथे बहुतेक आजार धडातच शोधायचे असतात, म्हणून चालतं. हिच्या फाइलवर डॉक्टरने जनुकाचं नाव लिहिलं होतं. हिला डोक्यापासून तळव्यापर्यंत बघायचं होतं. तुम्ही एकीकडची सवय दुसरीकडे चालवलीत, कारण पेशंट फिरवायचा कंटाळा!"

"सर, प्लीज, आवाज..."

"आवाज माझा असाच आहे! अर्धी मांडी म्हणजे होल बॉडी? तुमच्यात माणसाला पाय नसतात?"

सुनंदाताईंनी मला हाताने बाजूला केलं. "थांबा शेट, तुम्ही तापू नका. ए बाळा, मला सांग. मी तुला अख्खी सुरमई म्हणून विकली. घरी जाऊन बघतोस तर मागचा भाग नाय. तू काय करशील?"

"मॅम, मी व्हेज आहे."

"बरं, मंग दुधी. अख्ख्याचे पैसे घेऊन अर्धा दुधी दिला, तर भाजीवाल्याला काय बोलशील? इंटरनॅशनल दुधी हाय म्हणून घेशील?"

सोफ्यावरचे दोन पेशंट हसले. निखिलचं हसू थोडं ओसरलं.

"मॅम, आम्ही एक करू शकतो. लोअर लिंब्जच्या स्कॅनवर तुम्हाला ट्वेंटी पर्सेंट ऑफ देऊ शकतो."

आतापर्यंत गप्प असलेली पूर्वा म्हणाली, "भाई, तू माझ्याच पायांवर सेल लावतोयस?"

मी मुद्द्यावर आलो. "आम्हाला स्कॅन नको. गेल्या वर्षीचा लोकलायझर दाखव. पेशंट स्वतः उभी आहे, सही देईल."

"सर, त्यासाठी मेल करा. सात वर्किंग डेजमध्ये रिप्लाय येतो."

"आज."

"सर, तीन दिवस."

"आत्ता."

"उद्या सकाळी नक्की, सर. मी पर्सनली..."

"मी मशीनचे सौदे केलेत निखिल, उद्या सकाळ म्हणजे काय ते मला माहितीय."

सुनंदाताईंनी थर्माकोलचा बॉक्स कॉफी मशीनशेजारच्या पांढऱ्या टेबलावर ठेवला. अगदी शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या खिडक्या बंद हायत ना इथं? झाकण उघडू का?"

"काय आहे मॅम त्यात?"

"वर बोंबील हायत. खाली काय हाय ते उघडल्यावर कळंल."

निखिलने एसीकडे बघितलं, सोफ्यांकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं. "दहा मिनिटं बसा, सर."

आयुष्यात इतके सौदे केले, पण एवढ्या कमी शब्दांत कुणाला सात दिवसांवरून दहा मिनिटांवर आणलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्हाला कॉफीसुद्धा आली. सुनंदाताई एक घोट पिऊन म्हणाल्या, "कॉफी पण अर्धीच देतात."

मग आम्हाला आत घेतलं. त्यांच्या टेक्निशियनने गेल्या वर्षीची फाइल उघडली. लोकलायझर होता. मी स्क्रीनला नाक लावून बघत होतो. डोकं, खांदे, कंबर, मांड्या. मांड्यांच्या खाली चित्र सुरूच होतं. गुडघे आले. दोन्ही. गुडघ्यांच्या खाली नडगीचं वरचं टोक आलं, पोटरीची सुरुवात आली. 

आणि तिथे काळी कड आली. चित्र संपलं.

मी पूर्वाला म्हटलं, "पाय जरा वर घे." तिने स्टुलावर पाय ठेवला. मी स्क्रीनवरचं अंतर तिच्या पायावर दाखवलं. चित्र गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं येऊन थांबलं होतं. तिने स्वतःच्या हाताची चार बोटं तिथे आडवी ठेवली. गाठ त्या हाताच्या लगेच खाली होती. आणखी चार बोटं पुढे चित्र गेलं असतं, तर ती तेव्हा होती की नव्हती ते कळलं असतं.

"सापडलं का सर?" निखिलने दारातून विचारलं. त्याच्या आवाजात आता खरी काळजी होती, हे मी कबूल करतो.

 सुनंदाताईंनी बॉक्स उचलला. त्या हसायच्या किंवा भांडायच्या थांबलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी पूर्वाचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि कोपरीपर्यंत सोडला नाही. पूर्वा म्हणत होती, "आई, लोक बघतायत." त्या म्हणाल्या, "बघू दे. कोणी तरी बघू दे याच्याकडं."

त्याच आठवड्यात पूर्वा मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेली. तिथल्या सर्जनने पहिला प्रश्न तोच विचारला: "ही जुनी आहे की नवी?" मी सोबत होतो. मी म्हटलं, "सर, ते कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी मग वाट न पाहता सुई घातली. रिपोर्ट आला, सार्कोमा. स्नायूचा कॅन्सर. पण हळू वाढणाऱ्या जातीतला, आणि लहान. ऑपरेशनने गाठ अख्खी निघाली, कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे मागे काही उरलं नाही, आणि पाय वाचला. रेडिएशन द्यावं लागलं नाही, आणि पूर्वाच्या बाबतीत तेच सगळ्यात मोठं. काही महिने काठी होती. आता काठी नाही. झुंबाचे क्लास पुन्हा सुरू झालेत. डावा पाय थोडा उशिरा उचलला जातो. ती म्हणते, तीच तिची नवी स्टाइल आहे आणि बाया ती कॉपी करतात. स्कॅनला आता माझ्याकडेच येते. दीड तास लागतो. अंगठा अजूनही हलतो.

हे सगळं चांगलं संपलं, म्हणून झालं गेलं सोडून द्या, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी सोडणार नाही. पूर्वाची गाठ हळू वाढणारी होती हे तिचं नशीब. त्या सेंटरचं त्यात काही कर्तृत्व नाही. आम्ही लेखी तक्रार केली. उत्तर आलं, 'स्कॅन प्रमाणित प्रोटोकॉलनुसार करण्यात आला होता.' मग त्यांचं नवीन ब्रोशर मी मुद्दाम मागवलं. 'होल बॉडी' अजून मोठ्या अक्षरात आहे. खाली मुंगीच्या आकारात एक ओळ वाढलीय: 'हात-पाय समाविष्ट नाहीत.' म्हणजे चूक त्यांना कळलीय. फक्त ती दुरुस्त करायच्या ऐवजी त्यांनी छापून घेतली.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. कुठेही स्कॅनला गेलात तर टेबलवर आडवं व्हायच्या आधी विचारा, कुठून कुठपर्यंत? जो माणूस शरीरावर बोट ठेवून दाखवेल त्याच्याकडे झोपा. जो इंग्रजीत सांगेल, त्याला मराठीत पुन्हा विचारा.

आणि ज्या डॉक्टरांनी त्या रिपोर्टवर सही केली, त्यांना मी इथे जाहीर विचारतो. अर्धी मांडी बघून 'होल बॉडी नॉर्मल' तुम्ही एकट्या पूर्वाला लिहून दिलेलं नाही. तसे रिपोर्ट घेऊन किती माणसं आज निर्धास्त बसलीत, त्यातल्या किती जणांच्या घरात या जनुकाचा दोष आहे, त्यांचे फोन नंबर काय आहेत, सगळं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांना परत बोलावून त्यांचे पाय कधी बघणार आहात? तारीख सांगा.